शौर्याची यादी लिहिणारा जनरल

1933 साली लंडनमध्ये ‘द मार्शल रेसेस ऑफ इंडिया’ नावाचे पुस्तक निघाले. लेखक होता लेफ्टनंट जनरल सर जॉर्ज मॅकमन. लष्करातून निवृत्त होऊन त्याला आठ वर्षे झाली होती. पुस्तकाचा दावा थोडक्यात असा : इंग्लंडात लढाऊ कोण आणि बिनलढाऊ कोण हा प्रश्न कुणी विचारत नाही, हिंदुस्थानात मात्र तो विचारावाच लागतो. इथल्या कोट्यवधी माणसांपैकी मूठभर जमातींच्याच अंगी शस्त्र धरण्याची धमक आहे. उरलेल्यांच्या अंगी ती नाही आणि येणारही नाही. याची कारणे म्हणून त्याने हवा, रोगराई, बालविवाह, धर्माची शिकवण असे बरेच काही पुढे केले. मग शीख, पठाण, डोग्रा, गुरखा, राजपूत, जाट, पंजाबी मुसलमान अशी रांग लावली आणि प्रत्येकाला स्वभाव वाटून दिले.

ही यादी लिहिणारा गेला, तिच्या जोरावर फौज उभी करणारे साम्राज्यही गेले. यादी मात्र आपल्या तोंडी राहिली. ‘आमचा समाज मुळातच लढवय्या’ हे वाक्य आपण लग्नमंडपात ऐकतो, निवडणुकीच्या सभेत ऐकतो, पलटणीच्या गौरवग्रंथात वाचतो. वाक्य उच्चारणाऱ्याला वाटते की तो शिवकाळाशी बोलतो आहे. माझे म्हणणे असे की त्यातला बराचसा भाग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भरतीच्या कचेरीत तयार झाला आणि मॅकमनसारख्या अधिकारी-लेखकांनी त्याला ग्रंथाची प्रतिष्ठा दिली. कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हा सरकारी निर्णय होता. लेखकाने तो निसर्गाचा नियम म्हणून लिहून ठेवला.

मॅकमन बैठकीतला पंडित नव्हता, आणि त्याचे वजन नेमके यातूनच आले. जन्म 1869 चा, लंडनचा. वूलिचच्या लष्करी अकादमीतून तो 1888 मध्ये रॉयल आर्टिलरीत दाखल झाला. बर्माच्या काचिन डोंगरात सादोनला झालेल्या लढाईत त्याने डीएसओ पदक मिळवले, तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. पुढे वायव्य सरहद्द, तिराहची मोहीम, दक्षिण आफ्रिका. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली आणि मग मेसोपोटेमिया. तिथे दळणवळणाचा सगळा कारभार त्याच्याकडे आला आणि 1919 मध्ये तो त्या प्रांताचा सेनापतीही झाला. 1920 ते 1924 हिंदुस्थानच्या फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल. निवृत्तीनंतर त्याने जे लिहायला घेतले ते थांबवलेच नाही : अफगाणिस्तान, सत्तावनचा उठाव, सरहद्दीच्या कथा, संस्थाने, हिंदुस्थानातले पंथ, आठवणी, शेवटी किपलिंगवरही एक पुस्तक. 1952 मध्ये तो वारला, म्हणजे ज्या हिंदुस्थानाला स्वतःचे रक्षण जमणार नाही असे त्याने सांगितले होते, त्याचे प्रजासत्ताक झालेले त्याने पाहिले.

त्याच्या आयुष्यातला मेसोपोटेमियाचा तुकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1915 च्या डिसेंबरात जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन कूत-अल-अमारा या तैग्रिसकाठच्या गावात वेढली गेली. या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. सातारा, रत्नागिरी, नगरकडची पोरे 147 दिवस त्या चिखलात बसली. घोडे-खेचरे कापून खायची वेळ आली, आणि कित्येक हिंदी शिपायांना ते मांस घशाखाली उतरवणे फार दिवस जमले नाही. बाहेरून सुटकेचे प्रयत्न झाले. त्यांत हजारोंनी माणसे पडली. 29 एप्रिल 1916 रोजी कूत पडले. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले, आणि त्यांतले किती तरी पुढच्या पायपिटीत आणि छावण्यांत मेले.

सुटका का झाली नाही, याचे एक मोठे उत्तर मागे, बसऱ्याला होते. तिथे मोठ्या जहाजांना लागायला धड धक्का नव्हता. जहाजे शत्त-अल-अरबच्या पात्रात दिवसेंदिवस नांगर टाकून उभी, माल होड्यांतून उतरवायचा, उतरवलेला माल खजुरीच्या बागांमधल्या चिखलात. वर न्यायला नदीतल्या आगबोटी अपुऱ्या, रस्ते पावसात विरघळणारे. आघाडीवर माणूस होता, पण त्याच्यापर्यंत दाणा पोहोचत नव्हता. कूत पडल्यानंतरच्या काळात ही घडी बसवणाऱ्यांत मॅकमन होता. धक्के बांधले गेले, रूळ टाकले गेले, आगबोटी आणल्या गेल्या, आणि 1917 च्या मार्चमध्ये जनरल मॉड बगदादला पोहोचला तो या मागच्या कामाच्या बळावर. मॅकमनचा हा पराक्रम खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

पण हे काम अंगमेहनतीने केले कोणी? हिंदुस्थानातून नेलेल्या मजूर तुकड्यांनी, हमालांनी, नदीतल्या बोटींवरच्या खलाशांनी, खेचरे हाकणाऱ्यांनी, पाणी वाहणाऱ्या भिस्त्यांनी, डोलीवाल्यांनी, झाडूवाल्यांनी. तुरुंगातून सोडवून नेलेल्या कैद्यांच्याही तुकड्या त्यांत होत्या. त्यांतले बहुतेक लोक ‘लढाऊ’ यादीबाहेरचे. डोलीवाला गोळीबारातून जखमी उचलून आणतो तेव्हा त्याच्या हाती बंदूकही नसते. ही माणसे नसती तर यादीतला एकही शूर शिपाई बसऱ्याच्या पुढे सरकला नसता, हे दळणवळणाच्या प्रमुखाइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही हाच माणूस पुढे शौर्यावर ग्रंथ लिहितो, आणि शौर्याची गणना करताना या लोकांपाशी थांबत नाही. फौज कशावर उभी राहते हे अधिकारी म्हणून त्याला कळले होते. लेखक म्हणून त्याने ते बाजूला ठेवले.

असाच दुसरा विरोध त्याच्या पुस्तकांतच दिसतो. 1928 मध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या मोहिमेचा अधिकृत इतिहास प्रसिद्ध झाला. जून 1917 पर्यंतच्या त्या खंडावर मॅकमन आणि सिरिल फॉल्स या दोघांची नावे आहेत. अधिकृत इतिहास म्हणजे युद्ध-रोजनिशा, हुकूम, नकाशे, तारखा. कोणती ब्रिगेड किती वाजता कुठे होती, हे चुकवून चालत नाही, कारण त्या लढाईतले अधिकारी जिवंत असतात आणि ते वाचतात. ‘मार्शल रेसेस’ लिहिताना असा धाक नव्हता. ज्याला ‘भित्रा’ ठरवले तो शेतकरी हे पुस्तक वाचणार नव्हता, आणि वाचले तरी लंडनच्या साप्ताहिकात उत्तर छापून आणणार नव्हता. तुर्कांविषयी लिहिताना पुरावा लागत होता, हिंदी माणसाविषयी लिहिताना नोकरीची वर्षे पुरत होती. ‘मी तिथे होतो’ हे वाक्य एका ब्रिगेडच्या हालचालीसाठी साक्ष ठरू शकते. कोट्यवधी माणसांच्या स्वभावासाठी ते साक्ष ठरू शकत नाही. लष्करी लेखकाच्या अनुभवाला आपण जो मान देतो, तो कुठपर्यंत द्यायचा याची रेघ इथे ओढावी लागते.

आता सिद्धान्ताच्या पोटात शिरू. जर हे खरोखर शौर्याचे शास्त्र होते, तर दोन गोष्टींचे उत्तर मिळायला हवे. पहिली : 1857 नंतर तोफखाना, काही डोंगरी बॅटऱ्या सोडल्या तर, गोऱ्यांच्याच हाती का ठेवला? शीख आणि राजपूत जन्मजात लढवय्ये असतील तर तोफ त्यांना का देऊ नये? मॅकमन स्वतः तोफखान्यातला. हा प्रश्न त्याच्या दारातला होता. दुसरी : या शूर जमातींतल्या सर्वांत अनुभवी सुभेदार-मेजरला कालपरवा इंग्लंडहून आलेल्या विशीतल्या लेफ्टनंटाच्या हाताखाली का राहावे लागे? हिंदी माणसाला राजाचे कमिशन मिळायला 1917 उजाडावे लागले, आणि त्यानंतर सँडहर्स्टला वर्षाला जागा ठेवल्या त्या दहा. म्हणजे या सिद्धान्तातला शूर माणूस अर्धाच शूर होता. त्याला हात होते, डोके साहेबाचे लागत होते. ज्यांच्याकडे शिक्षण आणि डोके आहे ते बंगाली बाबू, मराठी वकील, मद्रासी कारकून, ते मुळात भित्रे. ज्यांच्याकडे धैर्य आहे त्यांना नेतृत्व जमत नाही, ज्यांना नेतृत्व जमेल त्यांच्याकडे धैर्य नाही. अशा देशाला इंग्रज अधिकारी कायमचा हवा, हे ओघानेच आले.

हा विचार मॅकमनच्या डोक्यातून उगवलेला नाही. त्याचा खरा शिल्पकार लॉर्ड रॉबर्ट्स. 1881 ते 1885 मद्रास फौजेचा आणि पुढे 1893 पर्यंत सगळ्या हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती. दक्षिणेतले शिपाई शांततेत राहून मऊ पडले, रशिया अफगाणिस्तानातून उतरला तर त्याच्यासमोर ते टिकणार नाहीत, उत्तरेतलीच माणसे भरली पाहिजेत, असे त्याचे ठाम मत होते. मॅकमनने 1911 मध्ये ‘द आर्मीज ऑफ इंडिया’ लिहिले, मेजर लव्हेट याच्या रंगीत चित्रांसह, त्याला प्रस्तावना याच रॉबर्ट्सची आहे. सेनापतीने धोरण आखायचे, त्याच्या पुढच्या पिढीतल्या अधिकाऱ्याने ते ग्रंथात मांडायचे आणि सेनापतीनेच त्या ग्रंथाला आशीर्वाद द्यायचा. या वर्तुळात बाहेरचा साक्षीदार कुठेच येत नाही.

मुंबईच्या फौजेच्या वाट्याला यात आणखी एक घाव आला. 27 जुलै 1880 रोजी कंदाहारजवळ मैवंद इथे जनरल बरोजच्या तुकडीचा अयूबखानाने पराभव केला. मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या पलटणी मोडल्या. शत्रू कित्येक पट, ऊन भयानक, जागेची निवड वाईट, निम्म्या तोफांचा दारूगोळा ऐन वेळी संपलेला. याचा जाब सेनापतीकडे मागायचा. पण चर्चा फिरली ती मुंबईच्या शिपायाच्या लायकीकडे. गोरी पलटण हरली की कारणे शोधली जातात, काळी पलटण हरली की रक्त तपासले जाते. मैवंदनंतर हेच झाले.

एकदा असा निर्णय झाला की पुढचे आपोआप घडते. एखाद्या भागातली भरती कमी करायची. चांगले, महत्त्वाकांक्षी अधिकारी मग तिकडच्या पलटणी टाळतात, कारण बढती सरहद्दीवर मिळते. पलटणीला मोहिमेवर पाठवत नाहीत, त्यामुळे तिला अनुभव नाही. काही वर्षांनी तपासणीला येणारा साहेब लिहितो की ही पलटण ढिली आहे. मग भरती बंद. आणि वीस वर्षांनी मॅकमनसारखा लेखक लिहितो की या लोकांत लष्करी परंपराच उरलेली नाही. बी पेरायचे नाही, पाणी तोडायचे, आणि जमीन नापीक म्हणून सातबाऱ्यावर शेरा मारायचा, तशातला हा प्रकार.

या धोरणाखाली सर्वांत वाईट भरडले गेले ते महार शिपाई. मुंबईच्या फौजेत त्यांचा वाटा सुरुवातीपासून मोठा होता. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आजही उभा आहे. त्यावरच्या मृतांच्या नावांत ‘नाक’ शेवटी असलेली बावीस नावे आहेत, आणि ती महारांची आहेत. ती नावे दगडात कोरली कंपनी सरकारनेच. पाऊणशे वर्षांनी त्याच सरकारच्या वारसांनी त्याच लोकांची भरती थांबवली. मधल्या काळात महारांचे रक्त बदलले होते काय? बदलली होती ती फौजेची रचना. एकेका जातीच्या कंपन्या आणि पलटणी करायच्या ठरल्या. त्या रचनेत महारांना कोणाच्या शेजारी बसवायचे हा साहेबापुढचा पेच होता, आणि त्याने तो महारांना बाहेर काढून सोडवला. शिवाशिव समाजातली, पण तिला लष्करी कायद्याची ताकद दिली ती इंग्रजांनी. मुंबईच्या जुन्या पलटणीत वेगवेगळ्या जातींचे शिपाई एका रांगेत उभे राहत असत. ती सवय मोडून जात अधिक घट्ट करण्याचे काम या ‘शास्त्रा’ने केले.

याच मुंबईच्या फौजेत जॉन जेकब नावाचा अधिकारी होऊन गेला होता. सिंधमध्ये त्याने घोडदळ उभे केले; जेकबाबाद हे गाव त्याच्याच नावाचे. तोही लेखक. बंगालच्या फौजेत जातीचे जे लाड चालतात ते फौजेचा घात करतील, शिपायाला त्याची जात विचारू नका, त्याचे काम बघा, असे तो सत्तावनच्या आधीपासून कडक शब्दांत लिहीत होता. त्याचे वरिष्ठ त्याच्यावर चिडत. तो 1858 मध्ये मेला आणि पुढच्या पिढीने उलटाच रस्ता धरला. जेकबचे नाव मी यासाठी घेतो की ‘त्या काळी सगळे असेच विचार करायचे’ ही सबब मॅकमनला देता येत नाही. त्याच सैन्यात, त्याच्या जन्माआधी, दुसरा विचार छापून झाला होता.

भरती बंद होण्याचा अर्थ महार कुटुंबांना काय होता, हे दापोलीत दिसत होते. दापोलीत लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. पलटणीत शिकलेली, पलटणीच्या शाळांत मुलांना आणि मुलींनाही शिकवलेली ही माणसे. गोपाळबाबा वलंगकर तिथलेच, निवृत्त लष्करी. 1894 मध्ये त्यांनी सरसेनापतीला पाठवण्यासाठी अर्ज तयार केला : आमच्या लोकांनी तुमच्यासाठी लढाया केल्या, आता आमच्यासाठी दार का बंद? सुभेदार रामजी सकपाळ त्याच सुमारास महूची नोकरी संपवून दापोलीला आले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव तेव्हा तीन वर्षांचा होता. आजा फौजेत, बाप फौजेत सुभेदार आणि लष्करी शाळेत शिक्षक, आणि या मुलाच्या पिढीला दार बंद. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला, या वेळी थेट भारतमंत्र्यांकडे. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये ‘111 महार’ ही पलटण उभी झाली. गरज संपल्यावर 1921 मध्ये ती मोडली. जन्मजात अपात्र असलेले लोक चार वर्षे पात्र कसे झाले, याचे उत्तर मॅकमनच्या सिद्धान्तात सापडत नाही.

आणि त्या सिद्धान्तात शिवाजी महाराजांची फौजही बसत नाही. बाजीप्रभू आणि मुरारबाजी हे कायस्थ प्रभू, जिवा महाला न्हावी, आरमारावर दौलतखान, किल्ल्यांच्या घेऱ्यात महार आणि रामोशी. पुढे बाजीराव ब्राह्मण, मल्हारराव होळकर धनगर, पानिपतावर तोफा चालवणारा इब्राहिमखान गारदी. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानात शिपाईगिरी हा धंदा होता. ज्याला पोट भरायचे आणि नाव काढायचे तो त्यात शिरे, आणि यशस्वी झाला की त्याचे घराणे ‘लढवय्ये’ होई. पराक्रम आधी, कुळी मागाहून. इंग्रजांनी हा क्रम उलटा केला.

मॅकमनच्या पुस्तकाआधीच या सगळ्यावर बोट ठेवले गेले होते, तेही एका बंगाल्याने. नीरद चौधुरी यांनी 1930-31 मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’त याच नावाची लेखमाला लिहिली आणि फौजेच्या घडणीचे आकडे मांडले. पंजाब, सरहद्द आणि काश्मीर या पट्ट्याचा वाटा 1914 मध्ये 47 टक्के होता, तो 1930 मध्ये 58.5 टक्के झाला. दक्षिणेचा वाटा 16 वरून 5.5 टक्क्यांवर आला. ज्या महायुद्धात दक्षिणेची माणसे लढली, त्या युद्धानंतर त्यांचा वाटा घटला. सायमन आयोगाच्या अहवालात एकट्या पंजाबचे 86 हजार लढाऊ शिपाई होते, मुंबई इलाख्याचे सात हजार, बंगालचा एकही नव्हता. डॉ. आंबेडकरांनी 1940 मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ लिहिताना चौधुरींचे हे आकडे घेतले आणि लढाऊ-बिनलढाऊ हा भेद कसा बनावट आहे ते दाखवले. उत्तरेकडच्या लोकांचे प्राबल्य सत्तावनच्या उठावातून आले, ज्यांनी तो मोडायला मदत केली त्यांना बक्षीस मिळाले, असे त्यांचे विवेचन आहे. दापोलीच्या पेन्शनरांच्या वस्तीतून आलेला मुलगा जनरलांच्या सिद्धान्ताचा हिशेब आकड्यांनी तपासत होता. त्यानंतर वर्षभरातच, 1 ऑक्टोबर 1941 रोजी, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिच्यामागे आंबेडकरांचा आग्रह होता.

मॅकमनचे पुस्तक 1933 मध्ये यावे यालाही अर्थ आहे. गोलमेज परिषदा नुकत्याच आटोपल्या होत्या, नव्या राज्यघटनेची श्वेतपत्रिका त्याच वर्षी निघाली, डेहराडूनची अकादमी आदल्या वर्षी सुरू झाली होती. हिंदी लोकांच्या हाती सत्ता द्यावी काय, हा इंग्लंडमधला चालू प्रश्न होता. अशा वेळी ‘बोलणारे वर्ग लढू शकत नाहीत आणि लढणारे वर्ग त्यांचे ऐकणार नाहीत’ असे सांगणारे पुस्तक राजकारणात थेट हस्तक्षेप करते. लेखक सैनिकी विषयावर लिहितो आहे असे भासते, पण तो राज्य कोणाचे असावे यावर लिहीत असतो.

आता आपल्याकडे वळायला हवे, कारण इथे आपली जबाबदारी सुरू होते. यादीतून वगळलेल्यांनी यादीवर हल्ला केला. यादीत बसलेल्यांनी तिचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले. मेजर बेथमने 1908 मध्ये मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावर भरती अधिकाऱ्यांसाठी हस्तपुस्तिका लिहिली होती. कोणत्या कुळांची, कोणत्या जिल्ह्यांतली माणसे घ्यावीत याची ती मार्गदर्शिका. महायुद्धात मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात जे केले त्याने साहेबांचे मत बदलले, 117 व्या पलटणीला ‘रॉयल’ किताब मिळाला, आणि मराठ्यांचे स्थान यादीत पक्के झाले. त्या माणसांच्या पराक्रमाविषयी मला अपार आदर आहे. पण मराठ्यांचे शौर्य 1916 मध्ये सिद्ध झाले असे मानायला मी तयार नाही, कारण याचा अर्थ 1915 पर्यंत ते साहेबाच्या मताने शंकास्पद होते आणि ती शंका आपण मान्य केली. ज्याला शूर म्हणायचा अधिकार आपण देतो, त्याला भित्रे म्हणायचाही अधिकार दिलेला असतो. मराठा शूर असल्याचा दाखला ज्या टेबलावरून मिळाला, त्याच टेबलावरून महार शिपायाला परत पाठवले गेले. एक कागद घेऊन दुसरा नाकारता येत नाही.

डॉ. बा. शि. मुंजे यांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी गोलमेज परिषदेत फौजेच्या हिंदीकरणाची बाजू हिरिरीने मांडली आणि 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. हिंदू तरुण दुबळा झाला आहे, त्याला लष्करी शिक्षणाने कणखर करू, असा त्यांचा विचार. शिक्षणावर भर देणे योग्यच होते. पण ‘दुबळा झाला आहे’ हे निदान कोणाचे, हा प्रश्न त्या पिढीने फारसा विचारला नाही. शत्रूचे निदान स्वीकारून औषध तेवढे स्वतःचे, अशी ती धडपड मला वाटते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. साताऱ्याचे अपशिंगे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते, घरटी फौजी असणारी अशी गावे आहेत. मग परंपरा खोटी कशी? परंपरा खोटी नाहीच. पण ती बनते कशी ते पाहू. कोरडवाहू जमीन, भावाभावांत झालेले तुकडे, आणि गावातला एक सुभेदार पेन्शन घेऊन परत येतो. त्याच्या घराला कौले लागतात, त्याचा शब्द पंचायतीत चालतो. पुढच्या भरतीला तो पुतण्यांना घेऊन जातो, साहेब त्याला ओळखतो. दोन पिढ्यांत गाव ‘लढवय्ये’ होते. पंजाबात तर निवृत्त शिपायांना नव्या कालव्यांखालच्या जमिनी मिळाल्या. पगार, पेन्शन, जमीन, ओळख आणि घरात टांगलेले पदक यांनी घडवलेली ही परंपरा अभिमानाची आहे, कारण माणसांनी ती कष्टाने आणि जिवाच्या मोलाने कमावली. ती रक्तात असती तर कमवावी लागली नसती. आणि कमावता येत असेल, तर ती कोणालाही कमावता येते.

1945 च्या जानेवारीत बर्माच्या आराकान किनाऱ्यावर कांगाव इथे भीषण लढाई झाली. 51 व्या ब्रिगेडच्या तीन पलटणींचे प्रमुख हिंदी होते : कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, कूर्गचे थिमय्या आणि बंगाली एल. पी. सेन. थोरातांच्या हाताखाली पंजाब रेजिमेंटची पलटण, सेन यांच्या हाताखाली बलुच रेजिमेंटची. म्हणजे मॅकमनच्या यादीतले ‘लढाऊ’ शिपाई यादीबाहेरच्या बंगाल्याच्या हुकमाने जपानी संगिनींसमोर गेले. तिघांनाही डीएसओ मिळाले. त्याच बर्मात बावन्न-त्रेपन्न वर्षांपूर्वी तरुण मॅकमनला मिळाले होते तेच पदक. तोवर दुसऱ्या महायुद्धासाठी फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली होती, आणि मद्रासपासून आसामपर्यंत मिळेल तिथून माणसे घ्यावी लागली होती. यादी कागदावर राहिली, लढाई बाहेरच्यांनीही लढली.

पाकिस्तानच्या फौजेने मात्र ती यादी सोडली नाही. देशातली निम्म्याहून अधिक माणसे पूर्व बंगालात, पण फौजेत बंगाल्यांचा वाटा नगण्य, आणि अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर बंगाली म्हणजे बुटका, भातखाऊ, लढायला नालायक ही समजूत. 1971 च्या मार्चमध्ये ढाक्यात रणगाडे घालताना त्यांना वाटले की हे लोक काही दिवसांत गप्प होतील. ईस्ट बंगाल रेजिमेंटच्या पलटणी उठल्या, शेतकरी आणि विद्यार्थी मुक्तिवाहिनीत गेले, आणि 16 डिसेंबरला शरणागती झाली ती ढाक्यातच. भारतीय फौजेचे प्रमुख होते माणेकशा, पारशी, म्हणजे कोणत्याच यादीत नसलेले. एका चुकीच्या पुस्तकी समजुतीपायी किती लाख निरपराध माणसांचे जीव गेले, हे लिहिताना हात थांबतो.

स्वतंत्र भारताने जातीवरची भरती धोरण म्हणून सोडून दिली, तरी जुन्या पलटणींची नावे आणि घडण बऱ्याच अंशी राहिली. त्या नावांत माणसे मेली आहेत, ती एका फटक्यात पुसावीत असे मी म्हणत नाही. मात्र पलटणीचे इतिहास मराठीत लिहिताना साहेबांची प्रशस्तिपत्रे पहिल्या पानावर छापायची रीत आपण सोडली पाहिजे. बसऱ्याच्या धक्क्यांविषयी, आगबोटींविषयी, रसदीविषयी मॅकमन जे सांगतो ते मी विश्वासाने वाचतो, कारण ते त्याने केलेले काम होते. पण हिंदी माणसाच्या धैर्याविषयी साक्ष काढायची असेल तर मी आधी वलंगकरांचा 1894 चा अर्ज काढीन, मग कांबळ्यांचा 1910 चा, आणि मॅकमनची यादी त्यांच्या खाली, ज्या कचेरीतून ती निघाली तिचे नाव घालून ठेवीन.